चुन्याच्या रेघांचं संग्रहालय

माझं ऱ्हस्वदीर्घ कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे पाटावरून मुंग्या पळाव्यात तसं. चौथी झाली आणि शाळा सुटली, ती सुटलीच. तेव्हा चुकून कुणाच्या हाती हे लागलं, तर त्याने चुकांकडे काणाडोळा करावा, एवढी विनंती. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. दुपारी घर रिकामं असतं, हात रिकामे असतात, आणि ही गोष्ट आठवली की मी एकटीच हसत बसते. लिहून ठेवली तर हसायला कारण तरी राहील.

पंचाऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. आमचा गाव रत्नागिरीहून पूर्णगडच्या रस्त्याला, एसटीतून उतरून चढण चढलं की आत. घरात मी, माझी दोन मुलं आणि सासरे. यजमान मुंबईला कंपनीत. त्या वर्षी जानेवारी सरता सरता माझी भाची, म्हणजे नणंदेची मुलगी, पाठीवर कागदाच्या भल्यामोठ्या सुरळ्या घेऊन दारात उभी राहिली. सासऱ्यांना वाटलं, पोरगी चटया विकायला लागली.

ती मुंबईला इमारतींचे नकाशे करायचं शिकत होती. पाच वर्षांचं शिक्षण. शेवटच्या वर्षी एक मोठं काम आपलं आपण करून दाखवावं लागतं. आदल्या वर्षी तिने जे केलं होतं त्यात परीक्षकांनी तिला नापास केलं होतं. तिच्या वडिलांनी एक वर्षाची फी आणखी भरली आणि सांगून टाकलं, "यंदा पास झालीस तर नकाशे काढ. नाहीतर टायपिंगच्या क्लासला नाव घातलंच म्हणून समज." ते रागाने बोलले नव्हते, पगाराकडे बघून बोलले होते. म्हणून तर ती घाबरली होती.

तिचं काम होतं एका संग्रहालयाचं. रत्नागिरीत समुद्राच्या अंगाला एक मोकळी जागा आहे. कधीकाळी तिथे गलबतांचं, नांगरांचं, दर्यावर जाणाऱ्या लोकांच्या सामानाचं संग्रहालय बांधायचं ठरलं होतं. मुंबईच्या कुणा मोठ्या माणसाने नकाशे केले. मग पैसे आले नाहीत, की आले ते दुसऱ्या वाटेने गेले, कोण जाणे. संग्रहालय झालंच नाही. नकाशे मात्र राहिले. त्यांच्या प्रती भाचीने खटपट करून मिळवल्या होत्या.

"जे बांधलंच नाही ते तू परत कसं बांधणार गो?" मी विचारलं.

"परत बांधायचं नाही मामी. परत वाचायचं. त्या माणसाच्या मनात काय होतं ते बघायचं, आणि आज माझ्या हातात आलं तर मी त्याचं काय करेन ते दाखवायचं."

"म्हणजे आईच्या नऊवारीतून मुलीला परकर-पोलकं शिवतात तसं?"

ती हसली. "तसंच. फक्त नऊवारी फाडायची नाही."

मग तिने ओटीवर सुरळ्या उलगडल्या. मधोमध एक गोल मोठं दालन, वर घुमट, त्याच्या भोवती खोल्या गुंफलेल्या. समोर पायऱ्या, मोठा दरवाजा. मागच्या बाजूला, समुद्राकडे, ऑफिसच्या खोल्या आणि सलग भिंत. तिने स्वतः केलेला नकाशाही दाखवला. त्यात घुमट नव्हता, खोल्या लांबट होत्या, रेघा बारीक आणि सुबक. मला तर दोन्ही चांगले वाटले. पण तिच्या सरांनी तिच्या नकाशावर पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती, ती तिने मला वाचून दाखवली: यात माणूस चालताना दिसत नाही.

"कागदावर मला काही कळत नाही आता," ती म्हणाली. "मला त्यात चालून बघायचंय."

खऱ्या जागेवर करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या आणि कुणीतरी कौलांची रास रचली होती. तेव्हा तिची नजर आमच्या मळ्याकडे गेली. घराच्या खाली भाताचा मळा, वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळ. भात कापून झालं होतं, नुसती धसकटं. यंदा आम्ही कुळीथही पेरला नव्हता. तिने ठरवलं, सबंध संग्रहालय खऱ्या मापात मळ्यात आखायचं, पांढऱ्या चुन्याने: मधलं गोल दालन आणि दरवाजा जुन्या नकाशातला, भोवतीच्या खोल्या तिच्या. आणि सड्याच्या कडेवरून त्याचा फोटो काढायचा, मोठा, रंगीत. सरांना फोटो दाखवायचा आणि खाली एक लाकडाचं छोटं संग्रहालय करून ठेवायचं.

"चुना, फोटोवाला, लाकूड," मी म्हटलं. "पैसे?"

तिने सुरळ्या गुंडाळायला घेतल्या. तिच्याजवळ परतीच्या एसटीपुरते होते. माझ्याजवळ मनीऑर्डरीतून उरतील तेवढे, म्हणजे मीठमिरचीला. सासऱ्यांकडे मागायची सोय नव्हती. त्यांच्याकडे असते तर त्यांनी न मागता दिले असते.

आमच्या वाडीत बायकांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्या जाऊबाईंच्या ओटीवर जमत. जाऊबाई म्हणजे आमच्या चुलत घरच्या थोरल्या, आमच्या घराला लागून त्यांचं घर, मळा दोघांचा सामाईक. मी भिशीत पहिल्यापासून होते, पण पैसे ठेवायचे आणि खांबाला टेकून बसायचं, यापलीकडे मी तिथे कधी तोंड उघडलं नव्हतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. त्या महिन्याची पाळी जाऊबाईंची होती.

पैसे जमले. जाऊबाईंनी पदराची गाठ सोडली, बांधायच्या बेतात. मी म्हटलं, "मला बोलायचंय."

मग कोपऱ्यातून एकजण म्हणाली, "बाय बाय, हिला वाचा फुटली! देवाला नारळ ठेवा गो."

सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि हसता हसता बोलून गेले, "ह्या वेळची भिशी मला द्या. माझी पाळी अगदी शेवटी आहे, तोवर थांबता येत नाही, मी फेडीन. भाचीच्या शिक्षणाला पाहिजेत."

पैसे जाऊबाईंच्या पाळीचे, माझे नव्हेत. म्हणजे हे उसनेच झाले. जाऊबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "मना पाटल्या करायच्या होत्या," त्या म्हणाल्या. "पन सोनं उतरायची वाट बघतेय मी. ने. पोरीचं शिक्षान हाय. पन भाची पास होऊन नोकरीला लागल्याबरोबर माजे पैसे माज्या हातात. मुदत म्हंजे मुदत."

"नोकरी लागली नाय तर?" कुणीतरी विचारलं.

"तर ही माज्या घरची भांडी घाशील," जाऊबाई म्हणाल्या. पुन्हा हशा. पण पैसे माझ्या ओंजळीत आले तेव्हा मला ठाऊक होतं, पोरगी नापास झाली तर या ओटीवर पुन्हा पाऊल टाकायचं तोंड मला राहणार नाही.

चुना आणला. दुसऱ्या दिवशी जाऊबाई माहेरी गेल्या, बहिणीच्या मुलीच्या लग्नाला. इकडे आमचं काम सुरू झालं.

ते दिवस आठवले की अजून पावलं हलकी होतात. सकाळची न्याहारी उरकली की आम्ही मळ्यात. भाची मापाची फीत धरून पळायची, मी खुंट्या ठोकायची. गोल दालन आखायचं कसं, तर तिने मला बरोबर मध्ये उभं केलं, माझ्या हातात सुंभाचं एक टोक दिलं, दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं, आणि तळाला भोकं पाडलेला डबा घेऊन माझ्याभोवती धावत सुटली. चुना सांडत गोल होत गेला. मी जागच्या जागी फिरत होते. बांधावर बसलेले सासरे ओरडले, "सूनबाय, तिवडा झालीस गो तू! बैल मात्र बरा पळतोय." मळणीच्या खांबाला तिवडा म्हणतात. मी इतकी हसले की सुंभ हातातून सुटला, आणि गोल त्या जागी थोडा फुगला. तो फुगवटा तिने पुसला नाही. म्हणाली, राहू दे, इथे दिवा ठेवू.

सासऱ्यांना आधी पटलं नव्हतं. "चुना पानाला लावतात, नायतर दुसऱ्याला लावतात. शेताला कुनी लावला नव्हता." पण दोन दिवसांनी तेच काठी टेकत दरवाजातून आत येऊ लागले. "ही खोली कसली? नांगरांची? मग जरा मोठी कर. नांगर म्हंजे काय सुई हाय?" माझी मुलं शाळेतून आली की दप्तरं घुमटाखाली टाकत. मी कपडे वाळत घालायला बांधाकडे जाताना सवयीने रेघ ओलांडायला जायची आणि थांबून दरवाजाने वळून जायची. एकदा धान्याची पाटी डोक्यावर असताना वळले. भाची म्हणाली, "मामी, तुला कोण बघतंय?" खरंच कुणी नव्हतं. पण भिंत ती भिंत.

असं सगळं मजेत चाललेलं असताना जाऊबाई माहेराहून आल्या. एसटीतून उतरून सड्यावरून येताना त्यांनी खाली मळा बघितला. पांढऱ्याशुभ्र रेघा, खुंट्या, मापाची फीत, आणि खुर्ची टाकून बसलेले आमचे सासरे.

आता जे झालं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. सामाईक जमिनीत कुणी खुंटी मारली की बघणाऱ्याच्या मनात एकच शब्द येतो: वाटणी. जाऊबाई घरी आल्या, मला काही विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. आमच्यात तार करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोस्टात गेल्या आणि मुंबईला थोरल्या दिरांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, तार गेली: मळ्याची वाटणी चालू. ताबडतोब निघा.

शिमग्याला अजून दिवस होते. पण थोरले दीर रजा टाकून रातराणीने आले आणि पिशवी घरात न ठेवताच तडक मळ्यात उतरले. मागे जाऊबाई. आम्ही दोघी लांबट खोलीच्या रेघांवर पुन्हा चुना घालत होतो. ते धसकटं तुडवत सरळ आले आणि गोल दालनाच्या मध्यावर उभे राहिले. मी डोक्यावरचा पदर ओढून मागे सरले. थोरल्या दिरांशी मी कधी समोरासमोर बोलत नसे.

भाची मात्र तोंड भरून म्हणाली, "मामा! भिंतीतून आलात की! दरवाजा तिकडे आहे."

"कुनाची भिंत?" ते कडाडले. "कुनाच्या हिश्शात?"

"कुणाच्याच नाही. तुम्ही आत्ता पडावात उभे आहात."

"कशात?"

"इथे मोठा पडाव ठेवायचा. शिडासकट. वर घुमट, म्हणून शीड बसतं."

त्यांनी वर बघितलं. वर घार फिरत होती. मग पायाखाली बघितलं आणि पिशवीत हात घालून एक कागद काढला. "सातबारा घेऊन आलोय मी. मना शिकवू नको. अर्धा मळा आमचा. तो कुठून कुठपर्यंत ते आधी सांग."

बांधावरून सासऱ्यांचा आवाज आला. "वाच रे वाच. बघू तरी संग्रहालय कुनाच्या नावावर लागलंय ते. पडाव तू घे, नांगर मी घेतो."

थोरले दीर गोंधळले. भाचीने सुरळी आणली, त्यांच्या हातात एक टोक दिलं, आपण एक धरलं, आणि कागदावरची रेघ अन् मळ्यातली रेघ दाखवत त्यांना खोल्याखोल्यांतून फिरवलं. ते आधी घुश्शात फिरले. मग प्रश्न विचारू लागले. हे तिकीटघर का? मग हितं गर्दी व्हनार. खिडकी कुठं? वारा कसा येनार? शेवटच्या खोलीत थांबून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आनि संडास?"

भाचीचा चेहरा पडला. जुन्या नकाशात होता, तिच्या नकाशात राहूनच गेला होता.

"बघ," थोरले दीर जाऊबाईंकडे वळून म्हणाले, जणू खटला जिंकला, "संडास नाय. म्हंजे वाटनी नाय. वाटनी करताना मानूस आधी संडासाची जागा धरतो."

पण जाऊबाईंचं लक्ष डब्याकडे होतं. "ह्यो चुना कुठला?" त्यांनी मला विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरंही पटकन बोलता येत नाही. मी डबा पदराआड घेतला, आणि त्यांना काय ते कळलं. "माज्या पाटल्या," त्या म्हणाल्या. "माज्या पाटल्या मळ्यात पसरून ठेवल्यास? मी समजले वह्या-पुस्तकं आनशील. हिनं माती पांढरी केली. आनि वर तारेचे पैसे गेले ते येगळेच!" त्या निघून गेल्या. दोन्ही घरांच्या मधल्या दगडी गडग्यावरून रोज एकमेकींना आमटीची वाटी जायची, ती त्या दिवसापासून बंद झाली. भाची नापास होण्याची भीती आता मला दोन घरांएवढी मोठी वाटू लागली.

फोटोवाला शहरातला. तो म्हणाला होता, शिमग्याच्या पालख्यांचे फोटो काढायला तुमच्याकडे येणारच आहे, त्याच दिवशी मळ्याचाही काढतो, फेरी वाचेल. थोरल्या दिरांनी सांगितलं, "तोपर्यंत राहू दे. पालखी झाली की पुसायचं. पुढे राब जाळून जमिनीची भाजणी करायची हाय." ते स्वतः रजा वाढवून राहिले. आता आल्यासारखं आलोय, म्हणाले.

पालखीचा दिवस आला. आमच्या ग्रामदेवतेची पालखी वरच्या वाडीतून आमच्याकडे येते ती मळ्यातूनच. पिढ्यान्‌पिढ्या तीच वाट, भात कापलेल्या जमिनीतून, मळा ओलांडून माडांच्या आगरात आणि तिथून आमच्या अंगणात. आम्ही दोघींनी इतके दिवस मळ्यात राबून हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं! भाचीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मी नेहमी अंगणात आरतीचं ताट घेऊन उभी असायची. पालखी येते ती दारात दिसली की आली.

दुपार कलत होती. ढोल-ताशा वरच्या बांधावर वाजू लागला तेव्हा भाची ओरडली, "मामी, ते सगळं तुडवणार!" फोटोवाला सड्यावर कॅमेरा लावून बसला होता. आम्ही दोघी धावत मळ्याच्या कडेला गेलो.

पालखीला पुढचा खांदा थोरल्या दिरांचा. तो त्यांच्या घरचा मान. अंगावर गुलाल, डोक्याला फेटा. पालखी नाचत नाचत आली आणि चुन्याच्या पहिल्या रेघेशी थोरले दीर थांबले. मागचे त्यांच्यावर आदळले.

"काय झाला रं?"

"भिंत हाय," थोरले दीर म्हणाले.

"कसली भिंत? चुना हाय तो!"

"मना म्हायती हाय काय हाय ते. मी एकदा भिंतीतून आलो तर पोरीनं आठ दिवस चिडवलं. देवाला भिंतीतून नेऊ? दरवाजा तिकडं हाय. चला."

आणि पालखी वळली. ढोलवाले वळले, सनईवाला वळला, मागची सगळी माणसं वळली. नुसत्या रेघेला वळसा घालून सगळा गाव मोठ्या दरवाजासमोर आला. थोरल्या दिरांनी पायऱ्यांच्या जागी पाय उचलून उचलून टाकले. पायऱ्या नव्हत्या, तरी मागच्यांनीही पाय उचलले. गोल दालनात आल्यावर ढोलाने जोर धरला आणि पालखी नाचू लागली. इतकी जागा त्यांना अंगणात कधी मिळत नाही. पालखी गोल फिरत होती आणि माणसं रेघेच्या आत, एकमेकांना सांभाळत, एकही पाय बाहेर न टाकता नाचत होती. मुलं नांगरांच्या खोलीत उड्या मारत होती. एक म्हातारी तिकीटघरात टेकली होती. माझ्या पायांनी ठेका धरला होता, ते मला नंतर कळलं.

मग पालखी पुढे निघायची वेळ झाली आणि घोटाळा झाला. समोर समुद्राकडची, म्हणजे आमच्या मळ्यात आगराकडची, भिंत. सलग. जुन्या नकाशातही दार नाही, भाचीच्या नकाशातही नाही. आणि आमच्या गावात पालखी आल्या वाटेने मागे जात नाही. ढोल मंदावला. थोरले दीर घामाघूम, खांद्यावर पालखी, भिंतीसमोर उभे.

"बाय गो," ते भाचीला म्हणाले, "देवाला कोंडलास. आता?"

लोक हसायला लागले. "ओलांडा ओलांडा" म्हणू लागले. थोरले दीर हलेनात.

भाची चपला तिथेच टाकून धावली. भिंतीपाशी गेली आणि अनवाणी पायाने चुना पुसू लागली. एका बाजूला सरकत, दुसऱ्या बाजूला सरकत. "एवढं?" तिने विचारलं.

"खांदेकरी मावले, पन नाचनारे कुठं जातील?" सासरे बांधावरून ओरडले.

तिने आणखी पुसलं. मी कधी तिच्या शेजारी जाऊन पदर खोचून पाय घासायला लागले ते मला कळलं नाही. सगळा गाव बघत होता आणि मी मधोमध भिंत पाडत होते. भिंत पडली. पालखी नाचतच तिच्यातून आगरात गेली, तिच्यामागे ढोल, तिच्यामागे गाव. सड्यावरून फोटोवाल्याने हात हलवला.

पालखी अंगणात बसली, गाऱ्हाणं झालं, ओट्या भरल्या. जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पुढे बघत म्हणाल्या, "माज्या पाटल्यांवरून देव गेला म्हनायचा." आणि प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वाटी मात्र दुसऱ्या दिवशी आली. आमटी बोंबलाची होती.

भाची त्या दिवशी जेवली नाही धड. उजेड असेपर्यंत मळ्यात जाऊन त्या पुसलेल्या जागेचं माप घेत बसली. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला त्या मोकळ्या जागेवर गेली आणि शेजारच्या कोळणींना विचारून आली. तिथेही तसंच होतं. होड्यांकडे जायची त्यांची जुनी वाट त्या जागेतूनच जात होती. संग्रहालय झालं असतं तर वाट बंद झाली असती आणि माणसांना लांबून वळसा पडला असता. आल्या आल्या मला म्हणाली, "मामी, त्याच्या घुमटाला मी उगाच नावं ठेवत होते. घुमट बरोबर होता. मागची भिंत चुकली होती. आणि मी घुमट पाडला आणि भिंत ठेवली!"

मग तिने नकाशा पुन्हा केला. त्या माणसाचं गोल दालन तिने परत आणलं, घुमटासकट. पण ते दालन आता समोरून मागपर्यंत मोकळं, त्यातून रस्ता जाणारा. ज्याला पडाव बघायचा त्याने थांबावं, ज्याला जाळं घेऊन होडीवर जायचं त्याने जावं. तिकीट आतल्या खोल्यांना, वाटेला नाही. संडास दोन ठेवले, एक मामांच्या नावाने.

ती मुंबईला गेली आणि आम्ही वाट बघत बसलो. थोरल्या दिरांनी परत जाताना सांगितलं होतं, काय झालं ते मी तार करीन. जाऊबाई म्हणाल्या, "नको. आपल्या घरात आता तार नको."

मेच्या शेवटी भाची स्वतःच आली. चढण चढताना ती लांबून दिसली आणि सासरे म्हणाले, "चाल बघ. पास झालीय." मला चालीवरून काही कळलं नाही, मी तिच्या हातातला पेढ्यांचा पुडा बघितला. तिने सगळं सांगितलं. परीक्षकांनी फोटो बराच वेळ बघितला. एकाने विचारलं, मागचा दरवाजा एवढा रुंद का? ती म्हणाली, पालखी, चार खांदेकरी आणि दोन्ही बाजूंनी नाचणारी माणसं मावली पाहिजेत. त्यांनी विचारलं, हे माप कुठल्या पुस्तकातलं? ती म्हणाली, आमच्या मळ्यातलं. त्यांनी पुन्हा फोटो बघितला आणि विचारलं, ह्या दोन बाया काय करताहेत? ती म्हणाली, एक मी आहे आणि एक माझी मामी. आम्ही भिंत पाडतोय.

जाऊबाई पेढा खात म्हणाल्या, "सगळं खरं. पन नोकरी?"

नोकरी जुलैत लागली. एका मोठ्या ऑफिसात. पहिलं वर्षभर तिला मोठमोठ्या इमारतींचे संडासच काढायला दिले. तसं तिने कळवलं तेव्हा थोरले दीर मुंबईत भेटेल त्याला सांगत सुटले की पोरगी माझ्या हाताखाली शिकलेली. ती दर महिन्याला पगारातून थोडे थोडे माझ्या नावाने पाठवायची, आणि मी मनीऑर्डर आली की पोस्टमन चढण उतरायच्या आत गडग्यापलीकडे जायची. जाऊबाई नोटा घेत आणि दर वेळी सोन्याचा भाव सांगत. सोनं काही उतरलं नाही. "माजं सोनं वाढतंय आनि तुजं संग्रहालय काय वाढत नाय," म्हणत. संग्रहालय तर अजूनही नाही झालं.

शेवटचा हप्ता मात्र भाचीने पाठवला नाही. ती पुढच्या वर्षी गणपतीला आली तेव्हा स्वतः घेऊन आली. भिशीचा दिवस होता. जाऊबाईंच्या ओटीवर सगळ्या जमल्या होत्या. मी तिला आत नेलं आणि नेहमीसारखी खांबाला टेकून बसले. तिने वाकून नमस्कार केला आणि पैसे जाऊबाईंच्या हातात ठेवले. जाऊबाईंनी बोटाला थुंकी लावून सगळ्यांसमोर नोटा मोजल्या. मग पुन्हा एकदा मोजल्या.

"एक जास्त हाय," त्या म्हणाल्या.

"तारेचे," भाची म्हणाली.

ओटी हसून हसून लोळली. जाऊबाईंनी ती नोट वेगळी काढली, तिच्याकडे बघितलं, आणि तीही पदराच्या गाठीत घातली. गाठ आवळून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "फिटले गो. सगळे फिटले."